रूट कॅनाल केले, तरी दाढ का गेली? : हिंगोली जिल्ह्यातील रुग्णांनी समजून घ्यावे असे काही

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले. त्या यादीत हिंगोलीचे नाव होते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला पंचवीस वर्षांनी स्वतःचे मेडिकल कॉलेज मिळाले. प्रसूती, अपघात, हृदयविकार यांसाठी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठण्याची वेळ हळूहळू कमी व्हावी, ही अपेक्षा रास्तच आहे.

पण औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारसारख्या मोठ्या बाजारगावात सर्वांत जास्त लोकांना रात्रभर जागवणारे दुखणे कोणते, असे विचारले तर उत्तर बहुधा दाढेचे येईल. आणि दाढेच्या बाबतीत मेडिकल कॉलेज आल्याने फारसा फरक पडत नाही. दंत महाविद्यालय ही वेगळी संस्था असते. मराठवाड्यातले शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. परभणी आणि नांदेडला खासगी दंत महाविद्यालये आहेत. बाकी सगळा भार खासगी दवाखान्यांवर आणि सरकारी रुग्णालयांतल्या छोट्या दंत विभागांवर.

या लेखात एकाच तक्रारीकडे पाहू. "डॉक्टर, रूट कॅनाल केले होते, पैसे गेले, आणि आता तीच दाढ पुन्हा दुखते." ही तक्रार खरी आहे आणि वारंवार येते. तिचा दोष कधी उपचाराचा असतो, कधी रुग्णाचा, आणि बऱ्याचदा दोघांच्या मधल्या व्यवस्थेचा असतो. कोणता दोष कुठला हे ओळखता आले, तर पुढची दाढ वाचवता येते.

रूट कॅनालमध्ये नेमके काय करतात

दाताच्या आत मध्यभागी एक पोकळी असते. तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. बोलीभाषेत आपण त्याला "दाताची नस" म्हणतो. कीड या पोकळीपर्यंत पोहोचली की आतला भाग सुजतो. दात चहूबाजूंनी कडक असल्याने सूज पसरायला जागा नसते, म्हणून तो जीवघेणा ठणका लागतो. काही दिवसांनी नस मरते आणि ठणका अचानक थांबतो. अनेकांना वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात जंतू आता मुळांच्या टोकातून हाडाकडे निघालेले असतात.

रूट कॅनालमध्ये डॉक्टर दाताला वरून छिद्र करतात, मुळांतल्या नळ्यांमधून मेलेला किंवा सडलेला भाग बारीक सुयांनी काढतात, औषधी द्रावणाने नळ्या धुतात आणि शेवटी त्या रबरासारख्या पदार्थाने भरून बंद करतात. त्यानंतर वरचे छिद्र पक्के भरायचे आणि दाढ असेल तर त्यावर कॅप बसवायची.

म्हणजे कामाचे दोन भाग आहेत: आतली सफाई आणि वरचे छप्पर. आपल्याकडे पहिल्या भागालाच "रूट कॅनाल झाले" म्हणतात, आणि बरीचशी गडबड इथूनच सुरू होते.

पहिल्या आठ दिवसांत काय चालेल, काय नाही

उपचारानंतर दोन-तीन दिवस दात हुळहुळणे, चावताना थोडे दुखणे, जबडा आखडल्यासारखा वाटणे हे नेहमीचे आहे. मुळाच्या टोकाजवळचा भाग सुजलेला असतो आणि तोंड बराच वेळ उघडे राहिलेले असते. डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी जेवणानंतर घ्या, त्या बाजूने चावू नका. मूत्रपिंडाचा आजार, पोटात व्रण किंवा रक्त पातळ करण्याची गोळी सुरू असेल, तर ते आधी सांगा. दुखण्याची प्रत्येक गोळी प्रत्येकाला चालत नाही.

तोंड बधिर आहे तोवर काही खाऊ नका. गाल किंवा जीभ चावली तरी कळत नाही. लहान मुलांवर या काळात विशेष लक्ष ठेवा.

पुढील गोष्टी मात्र नेहमीच्या नाहीत. त्या दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात फोन करा.

• दात आधी टेकतो, बाकीचे दात नंतर मिळतात असे वाटणे. वरचे भरण उंच राहिले की असे होते. काही मिनिटांत घासून नीट करता येते. तसेच सोडले तर दाढ आठवडाभर ठणकते, आणि रुग्णाला वाटते उपचारच फसला.

• दुखणे तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढत जाणे, किंवा गाल, हिरडी सुजणे. मुळातले जंतू उसळले की असे होते. थोड्या रुग्णांत हे योग्य उपचारानंतरही घडते. दाढ पुन्हा उघडून साफ करावी लागू शकते.

• बधिर करण्याच्या इंजेक्शनचा परिणाम साधारण दोन ते चार तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिरच असेल, तर लगेच कळवा. खालच्या दाढांच्या मुळाजवळून एक मज्जातंतू जातो. भरण्याचा पदार्थ किंवा औषध तिथवर गेले असेल, तर उपचाराला उशीर परवडत नाही.

• नळ्या धुताना अचानक असह्य आग होऊन काही मिनिटांत गाल फुगणे. धुण्याचे द्रावण मुळाबाहेर गेल्याचे हे लक्षण असते. तसे कमीच घडते, पण घडले तर डॉक्टरांनी तिथेच थांबून काळजी घ्यायची असते, आणि पुढचे काही दिवस रोज संपर्कात राहायचे असते.

• कच्चे भरण निघून पडणे. "थोडेच पडले आहे" म्हणून चालढकल करू नका. साफ केलेल्या नळ्यांत लाळ शिरली की जंतू परत आत जातात.

सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका. दाढेच्या भोकात तंबाखू, मशेरी किंवा चुरलेली गोळी दाबून ठेवू नका, त्याने हिरडी भाजते. लवंगेचे तेल बोळ्यावर थेंबभर घेतल्याने घटकाभर बरे वाटेल, पण आतला पू त्याने जात नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या मात्र खुशाल करा.

ठणका थांबला, म्हणून उपचार थांबला

दाढ बिघडण्याचे हे आपल्याकडचे सर्वांत साधे कारण आहे. पहिल्या बैठकीत डॉक्टर नस काढतात, औषध ठेवतात, कच्चे भरण करतात. रात्री झोप लागते. दुसऱ्या बैठकीची तारीख असते आठवड्याने. तेवढ्यात पेरणी येते, सोयाबीन काढायला येते, किंवा हळद शिजवायची असते. जवळा बाजारच्या आसपासच्या गावातून परभणी, वसमत वा हिंगोलीला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, सोबत घरातले माणूस लागते. न दुखणाऱ्या दाढेसाठी हे कोण करणार? हा आळस नव्हे. घरातल्या हिशोबाने तो निर्णय बरोबरच वाटतो.

पण दाढेचा हिशोब वेगळा असतो. कच्चे भरण हे नावाप्रमाणेच कच्चे. ते साधारण दोन ते चार आठवडे धरते, मग झिजते, फटी पडतात. नस काढलेली असल्यामुळे आत पुन्हा सडले तरी ठणका लागत नाही. दुखणे हा दाताचा पहारेकरी होता, आपण त्याला काढून टाकले आणि दार उघडेच ठेवले. चार-सहा महिन्यांनी हिरडीवर बारीक फोड येतो, त्यातून पू येतो, खारट चव लागते. तोपर्यंत दाढ आतून पोखरलेली असते.

म्हणून एक स्पष्ट मत मांडतो. पुढच्या बैठकांना येणे आणि कॅप बसवणे जमणारच नसेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. एका बैठकीत पूर्ण होण्यासारखे असेल तर ते तसे करतील. दोन बैठका बाजाराच्या दिवशी जुळवता येतील. आणि काहीच शक्य नसेल, तर वेळेवर आणि नीट काढलेली दाढ अर्धवट सोडलेल्या रूट कॅनालपेक्षा कमी त्रास देते. दाढ काढणे हाही उपचारच आहे, फक्त तो समजून-उमजून निवडलेला असावा.

कॅप ही शोभेची वस्तू नाही

कीड आणि छिद्र यांमुळे दाढेचा बराच भाग आधीच गेलेला असतो. उरतात त्या पातळ भिंती. ज्वारीची कडक भाकरी, भाजलेले हरभरे, सुपारी यांचा दाब त्या भिंतींवर आला की दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली तर जगातला कोणताही डॉक्टर ती दाढ वाचवू शकत नाही.

२००४ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. विम्याच्या नोंदींवरून रूट कॅनाल केलेल्या १४ लाखांहून अधिक दातांचा आठ वर्षांचा मागोवा त्यात घेतला होता. ९७ टक्के दात तोंडात टिकून होते. जे काढावे लागले, त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. त्याआधी २००२ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या अभ्यासात कॅप नसलेले दात कॅप असलेल्यांच्या तुलनेत सहापट वेगाने गमावले गेल्याचे दिसले होते.

हे आकडे विमा असलेल्या, नियमित तपासणीला जाणाऱ्या लोकांचे आहेत. ९७ टक्के हा आकडा आपल्या तालुक्याला जसाच्या तसा लावू नका. पण त्यातला धडा इथेही तितकाच लागू आहे. नीट केलेले रूट कॅनाल टिकते, आणि दाढ जाते ती बहुतेक वेळा वरचे छप्पर नसल्यामुळे.

मग लोक कॅप का टाळतात? कारण रूट कॅनालचे पैसे देतानाच खिसा रिकामा होतो, आणि कॅपचा खर्च वेगळा असतो हे शेवटच्या दिवशी कळते. यात दवाखान्यांचीही जबाबदारी आहे. काम सुरू करण्याआधी कॅपसकट एकूण खर्च सांगायला हवा, तो अनेक ठिकाणी सांगितला जात नाही. तुम्ही स्वतः विचारा: "कॅप धरून सगळे मिळून किती होतील?" आणि हे लक्षात ठेवा की मागच्या दाढेला दाताच्या रंगाची महाग कॅप लागतेच असे नाही. साधी धातूची कॅप स्वस्त असते, मजबूत असते, आणि तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते. हसताना जी दाढ दिसत नाही तिच्या रंगासाठी उपचार अडवून धरू नका.

पैसे लगेच नसतील, तर निदान पक्के भरण त्याच दिवशी करून घ्या आणि दाढेची उंची थोडी कमी करता येईल का ते विचारा. त्यामुळे दाब कमी येतो आणि महिना-दोन महिने निभावतात. पुढच्या दातांना, म्हणजे सुळ्यांना आणि समोरच्या दातांना, दरवेळी कॅप लागतेच असे नाही. दात किती शिल्लक आहे यावर ते ठरते.

महिन्यांनी, वर्षांनी परत दुखते तेव्हा

उपचार पूर्ण झाला, कॅपही बसवली, तरी काही दाढा पुन्हा त्रास देतात. त्याची मुख्य कारणे अशी:

नळी सुटलेली असणे. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत तीन मुळे असली तरी नळ्या अनेकदा चार असतात. चौथी इतकी बारीक असते की साध्या एक्स-रेमध्ये आणि नुसत्या डोळ्यांना ती सहज दिसत नाही. ती साफ व्हायची राहिली, तर जंतू तिथेच वाढतात.

नळी टोकापर्यंत न भरलेली असणे, किंवा सुईचा तुकडा आत अडकलेला असणे. सुई तुटणे ही अनुभवी हातूनही घडणारी गोष्ट आहे, आणि नळी साफ झाल्यावर तुटली असेल तर दाढ वर्षानुवर्षे शांत राहू शकते. पण ती तुटली हे रुग्णाला सांगायलाच हवे, आणि त्या दाढेचा एक्स-रे ठराविक काळाने काढायला हवा.

कॅपच्या कडेने नवी कीड लागणे. रूट कॅनाल केलेल्या दाताला कीड लागत नाही हा गैरसमज आहे. दात उरलेला असतो, म्हणून कीडही लागते. फक्त दुखत नसल्याने ती उशिरा कळते.

मुळाला उभी चीर जाणे. एकाच जागी खोल हिरडी सुटणे आणि तिथून वारंवार पू येणे हे तिचे लक्षण असू शकते.

आणि एक कारण दाताबाहेरचे. वरच्या दाढांचे दुखणे कधी सायनसचे असते. विजेसारखी काही सेकंदांची कळ येत असेल, तोंड धुताना किंवा वारा लागतानाही ती उठत असेल, तर ते चेहऱ्याच्या मज्जातंतूचे दुखणे असू शकते. अशा रुग्णांची एकामागून एक दाढ निघते आणि कळ तशीच राहते. दोन दाढांचे उपचार होऊनही तेच दुखणे कायम असेल, तर तिसऱ्या दाढेला हात लावण्याआधी दुसरे मत घ्या.

साखर आणि गुटखा

मधुमेह ताब्यात नसेल तर मुळाभोवतालचे हाड हळू भरते आणि सूज लवकर पसरते. उपचाराआधी साखर तपासून घ्या आणि त्या दिवशी नाश्ता व नेहमीची औषधे चुकवू नका. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा पूर्वी झडपेचा संसर्ग झालेला असेल, तर ते दंतवैद्याला पहिल्या वाक्यात सांगा. अशा रुग्णांना उपचाराआधी प्रतिजैविक द्यावे लागू शकते.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि तरीही तोंड न उघडणारे रुग्ण येतच आहेत. सुपारी आणि गुटख्याने गालाच्या आतली त्वचा कडक पट्ट्यांसारखी होते. तोंडात उभी तीन बोटे मावत नसतील, तर मागच्या दाढेपर्यंत सुई आणि आरसा नेणेच अवघड होते. मग वाचण्यासारखी दाढही काढावी लागते, आणि ती काढणेही सोपे राहत नाही. याच पट्ट्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो. तुमचे तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडत असेल, तर दाढ दुखायची वाट पाहू नका.

दवाखान्याची स्वच्छता: वाणियंबाडीचा धडा

तमिळनाडूतल्या वाणियंबाडी येथे २०२३ मध्ये एका दंत दवाखान्याशी जोडलेला मेंदूच्या संसर्गाचा प्रादुर्भाव झाला आणि आठ जणांचा मृत्यू झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसह अनेक संस्थांच्या संशोधकांनी केलेला त्याचा तपास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. कारण अगदी साधे निघाले. सलाईनची बाटली दाताच्या उपचाराच्या अवजाराने उघडायची, सैल बंद करून ठेवायची आणि तेच पाणी पुढच्या रुग्णांना वापरायचे. मातीत आढळणारा एक जंतू त्या पाण्यातून रुग्णांपर्यंत पोहोचला.

हे वाचून दंतवैद्याकडे जाणेच टाळू नका. असे प्रसंग फार दुर्मिळ आहेत आणि उपचार न केलेल्या दाढेचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. पण विचारायला लाजू नका. हातमोजे प्रत्येक रुग्णाला नवे आहेत का, अवजारे बंद पाकिटातून काढली जातात का, सुई नवी आहे का, एवढे खुर्चीत बसल्या-बसल्या दिसते. शिवाय कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय कोणालाही दाताचे उपचार करता येत नाहीत. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असायला हवा. आठवडी बाजारात पथारी टाकून "पक्का दात" बसवणाऱ्याकडे तो नसतो. तिथे हिरडीला चिकटवलेल्या दाताखाली शेजारचे चांगले दातही सडतात.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आणला आहे. शिक्षणाचा दर्जा आणि नोंदणी यांवर त्याचा परिणाम होईल. पण गावाजवळ परवडणारी दंतसेवा उभी करणे हे वेगळे काम आहे, ते कोणत्याही नोंदणी कायद्याने होत नाही.

योजना कुठे थांबते

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आणि ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली. मोठा निर्णय होता. पण योजनेचा गाभा रुग्णालयात दाखल करून होणाऱ्या उपचारांचा आहे. जबड्याचे मोडलेले हाड तिच्या चौकटीत बसते. खुर्चीत बसून तासाभरात होणारे रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप सहसा बसत नाही. बहुतेक खासगी आरोग्य विम्यांचेही असेच आहे.

याचा परिणाम उलटा होतो. दाढ वाचण्यासारखी असते तेव्हा सगळा खर्च कुटुंबाच्या खिशातून. तोच संसर्ग जबड्याखाली उतरून श्वास अडवायला लागला आणि दाखल व्हायची वेळ आली, की सरकारी यंत्रणा पुढे येते. तोपर्यंत दाढ गेलेली असते आणि जीवही टांगणीला लागलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत. भारतात राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. तरी दाताचे दुखणे धोरणात "किरकोळ" याच सदरात राहिले आहे.

आज तुमच्या हातात असलेले मार्ग असे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंत विभाग असतो. तिथे दाढेचे रूट कॅनाल होते का, कोणत्या वारी होते, साहित्य उपलब्ध आहे का, हे आधी चौकशी करून जा. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, पण खर्च बाहेरच्या दवाखान्यापेक्षा बराच कमी असतो. पुन्हा करायच्या अवघड रूट कॅनालसाठी तिथले तज्ज्ञही मिळतात.

आणि मागणीही करा. हिंगोलीच्या नव्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाढा फक्त काढल्या जाणार की वाचवल्याही जाणार, हा प्रश्न ग्रामसभेत आणि लोकप्रतिनिधींसमोर विचारण्यासारखा आहे. रूट कॅनालची खुर्ची, एक्स-रे यंत्र आणि साधी धातूची कॅप यांचा खर्च अतिदक्षता विभागाच्या तुलनेत फार थोडा असतो.

बिघडलेल्या दाढेपुढचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे रूट कॅनाल पुन्हा करणे. जुने भरण काढून नळ्या परत साफ करतात. पहिल्या वेळेपेक्षा हे अवघड असते, यशाची शक्यता थोडी कमी असते, तरी पुष्कळ दाढा वाचतात. दुसरा पर्याय, हिरडी उघडून मुळाचे सडलेले टोक छोट्या शस्त्रक्रियेने कापणे. तिसरा, दाढ काढणे आणि त्या जागी ब्रिज, इम्प्लांट किंवा काढता-घालता येणारा दात बसवणे. मूळ उभे चिरले असेल तर तिसराच मार्ग उरतो.

निर्णयाआधी तीन प्रश्न विचारा. दाढेचा वरचा भाग कॅप धरण्याइतका शिल्लक आहे का? बिघाडाचे कारण एक्स-रेमध्ये दिसते आहे का? आणि ही दाढ तुमची स्वतःची असती तर काय केले असते?

नुसत्या प्रतिजैविक गोळ्यांवर महिने काढू नका. नस मेलेल्या दातात रक्त जात नाही, मग गोळीतले औषध तिथे पोहोचणार कसे? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसारही बहुतेक दाढदुखीत प्रतिजैविकांची गरज नसते, दाताचा प्रत्यक्ष उपचार लागतो. ताप किंवा पसरणारी सूज असेल तेव्हा ती लागतात, तीही उपचाराच्या जोडीला. मेडिकलवरून आणलेल्या पाच गोळ्यांनी सूज बसते, पू आत राहतो, आणि पुढच्या वेळी त्याच गोळ्या लागू पडत नाहीत.

कागद जपून ठेवा

उपचाराआधीचा आणि नंतरचा एक्स-रे मागून घ्या. मोबाइलवर फोटो घेतला तरी चालेल. पावती आणि चिठ्ठी जपा. उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर नळ्या किती भरल्या होत्या हे त्यातून कळते आणि तुमचा खर्च वाचतो.

त्रास झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असे नसते. म्हणून आधी त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि शांतपणे विचारा. बहुतेक अडचणी तिथेच सुटतात. खरोखर निष्काळजीपणा झाला आहे असे दुसऱ्या तज्ज्ञाच्या तपासणीत दिसले, तर राज्य दंत परिषदेकडे तक्रार करता येते. पैसे देऊन घेतलेले वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते, आणि उपचारासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क नाही.

रात्र असली तरी निघा

शेवटी हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. दाढेच्या त्रासात पुढीलपैकी काहीही दिसले तर दंतवैद्याचा दवाखाना उघडण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट जिल्हा रुग्णालयात जा.

• सूज जबड्याखाली किंवा गळ्यावर उतरणे, तिथली त्वचा कडक लागणे
• जीभ वर उचलल्यासारखी होणे, लाळ गिळता न येणे, आवाज बदलणे
• श्वास घ्यायला त्रास होणे
• डोळ्याभोवती सूज येणे, डोळा उघडता न येणे किंवा दोन-दोन दिसणे
• सुजेसोबत थंडी वाजून ताप, ग्लानी, तीव्र डोकेदुखी

मधुमेही रुग्णाच्या बाबतीत यातले एक लक्षणही पुरे. गळ्याकडे उतरलेली सूज काही तासांत श्वासनलिका बंद करू शकते.

तुमच्या तोंडात आत्ता कच्चे भरण असलेली, न दुखणारी एखादी दाढ असेल, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी तिची तारीख लावून या. ती दुखत नाही याचा अर्थ ती बरी झाली असा नाही.